आभाळाचं माप घेणारी बाई

मैत्रिणींनो, आपल्या पालघर-बोईसर भागात थंडी म्हणजे सुखाचे दिवस. चिखल नाही, घामाच्या धारा नाहीत. बाजारात वालपापडी येते, घराघरांतून उकडहंडीचा वास सुटतो, लग्नाच्या पत्रिका यायला लागतात. किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, दांडीकडे गेलं की बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. पावसाळ्यात आपण सगळ्याजणी सावध असतो. नाल्याला पाणी आलं का, गाड्या चालू आहेत का, दहादा चौकशी करतो. हिवाळ्यात मात्र हवामानाची कुणाला आठवणही होत नाही. मलाही होत नव्हती. एका जानेवारीने ती कायमची करून दिली.

२०१६ सालची गोष्ट. बचतगटाच्या पाच जणींना घेऊन मला तलासरीला एका प्रशिक्षणाला जायचं होतं. वेळ नऊची. बायकांचं नेहमीचंच, कधी वेळेवर यायच्या नाहीत, हे वाक्य ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी पहाटे साडेसहालाच सुमो बोलावली. बाहेर धुकं इतकं की समोरच्या घराचा दिवा दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, ताई, जरा ऊन येऊ द्या, तासाभराने निघू. मी म्हटलं, चला हो, हळूहळू जाऊ.

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. एमआयडीसीचे ट्रक दिवसरात्र चालू असतात. त्या रस्त्यावर लोखंडी सळ्या भरलेला एक ट्रेलर बंद पडून उभा होता. मागे लाल दिवा नाही, दगड नाही, झाडाची फांदीसुद्धा ठेवलेली नाही. तो दिसला तेव्हा आम्ही त्याच्या अंगावरच होतो. ड्रायव्हरने ब्रेक मारला, गाडी फिरली आणि तिची बाजू ट्रेलरला जाऊन आपटली. सळ्यांची टोकं पुढच्या काचेपासून हातभर अंतरावर राहिली. आमच्यातल्या एकीचा हात मोडला. ती भाजी विकून घर चालवणारी. दोन महिने तिचा धंदा बंद. गटाने पैसे जमवले, मीही दिले. ती मला एका शब्दाने काही बोलली नाही. पण तिच्या घरी गेले की तिचं ते प्लॅस्टर माझ्याकडेच बघतंय असं वाटायचं. अति घाई संकटात नेई ही पाटी मी हायवेवर हजारदा वाचली होती. घाई माझी होती आणि हात तिचा मोडला.

त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, माझी लेक आठवीत होती. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. शाळेने एका भारतीय स्त्री-शास्त्रज्ञावर तक्ता करून आणायला सांगितलं. तिने नाव आणलं अ‍ॅना मणी. मी कधी ऐकलेलं नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, बॅरोमीटर म्हणजे काय हेही विसरून गेलेली. पण लेकीच्या तक्त्यासाठी म्हणून वाचायला बसले आणि तक्ता शाळेत जाऊन परत आला तरी माझं वाचन काही संपलं नाही. या बाईंची ओळख आज तुम्हाला करून द्यायची आहे.

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, केरळातल्या पीरमेड गावचा. तेव्हा तो भाग त्रावणकोर संस्थानात होता. वडील सिव्हिल इंजिनिअर, वेलदोड्याचे मळे, आठ भावंडांत अ‍ॅना सातवी. घर खाऊनपिऊन सुखी आणि शिकलेलं. पण मुलग्यांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जायचं आणि मुलींनी लग्न करून सासरी, हे त्याही घरात ठरलेलंच होतं. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या द्यायची त्यांच्या घरची रीत. अ‍ॅनाची पाळी आली तेव्हा तिने कुड्या नको म्हणून सांगितलं आणि त्याऐवजी ज्ञानकोशाचे खंड मागितले, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका. आपल्या घरात आठ वर्षांच्या मुलीने असं काही मागितलं तर आपण काय करू? मी तरी आधी कुड्या घालून घे, पुस्तकं नंतर बघू, असंच म्हटलं असतं. तिच्या आईवडिलांनी पुस्तकं आणून दिली. गावच्या वाचनालयातली पुस्तकं तर तिने बारा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ संपवली होती. ती सहा वर्षांची असताना, १९२५ मध्ये, वायकोमच्या सत्याग्रहासाठी गांधीजी त्रावणकोरात आले होते. त्या वातावरणाचा संस्कार तिच्यावर झाला आणि पुढे खादी तिने आयुष्यभर वापरली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ती पदार्थविज्ञानात ऑनर्स झाली. १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेली, थेट सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. हीच ती संस्था, जिथे १९३३ मध्ये आपल्या कमला सोहोनी यांना मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला होता आणि त्यांनी हट्टाने तो मिळवला होता. अ‍ॅनाच्या वेळी दार उघडलं होतं, पण आत मुली मोजक्याच आणि त्यांचं मुलांशी बोलणं-चालणंही सरांना खपायचं नाही. अ‍ॅनाला संशोधनाला विषय मिळाला हिरे आणि माणकं. कानात घालायला नाकारलेले हिरे असे अभ्यासाला तिच्या हाती आले! एका फोटोसाठी पंधरा-वीस तास थांबावं लागायचं. अशा वेळी ती रात्री प्रयोगशाळेतच काढायची. पाच शोधनिबंध तिने एकटीच्या नावावर लिहिले आणि १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाकडे पीएच.डी.चा प्रबंध दिला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण काय, तर एम.एस्सी. केलेली नाही. काम बघा म्हणायलाही कुणी नव्हतं.

मैत्रिणींनो, इथे आपल्यापैकी कितीजणी खचून घरी बसल्या असत्या! अ‍ॅना रडत बसली नाही. पदवी नसल्याने आपलं काही अडलं नाही, असंच तिचं पुढेही म्हणणं असायचं. त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर ती लंडनला, इम्पीरियल कॉलेजात गेली. जायचं होतं पदार्थविज्ञान शिकायला. पण शिष्यवृत्ती शिल्लक होती ती हवामानाच्या उपकरणांची. म्हणजे तापमापक, पर्जन्यमापक, वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं कशी बनवायची आणि कशी तपासायची, हे काम. हवं ते मिळालं नाही, तर मिळालं ते तिने हवंसं करून घेतलं.

१९४८ मध्ये त्या परत आल्या आणि हवामान खात्यात रुजू झाल्या. आणि कुठे? आपल्या पुण्यात! खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. मुख्य कार्यालय पुढे दिल्लीला गेलं, तरी उपकरणांचा विभाग पुण्यात होता. देश नुकताच स्वतंत्र झालेला. हवामानाची बहुतेक उपकरणं परदेशातून यायची. ती इथेच बनवायची असं खात्याने ठरवलं होतं आणि अ‍ॅनाबाई (मी त्यांना आता बाईच म्हणणार) त्या कामाला भिडल्या. १९५३ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष होते! आजही एखादी बाई ग्रामपंचायतीत सरपंच झाली की शिपाई आधी नवऱ्याकडे बघतो. पंचाहत्तरएक वर्षांपूर्वी त्या कारखान्यात ही बाई कशी वावरली असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे पक्के करून घेतले आणि ती इथेच तयार व्हायला लागली. एका गोष्टीवर त्यांचा कटाक्ष होता. चुकीचं माप घेण्यापेक्षा माप न घेतलेलं बरं, असं त्या मानत. हे मला लगेच पटलं, कारण आपण बायका रोज तेच जगतो. वाण्याचा काटाच खोटा असेल तर घरी केलेला हिशेब कितीही चोख असला तरी काय उपयोग? तापाचं मीटर दोन डिग्री कमी दाखवत असेल तर आपण बाळाला शाळेत पाठवून मोकळ्या होतो. हवामानाचंही तसंच. एका ठिकाणी हवेचा दाब चुकीचा मोजला गेला, तर येणारं वादळ नकाशावर दिसतच नाही. अ‍ॅनाबाई स्वतः पाऊसपाण्याचे अंदाज सांगत नव्हत्या. पण ज्या आकड्यांवर अंदाज बांधतात ते आकडे खरे असावेत, म्हणून त्यांनी जन्म घालवला.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. तेव्हा त्यांनी देशात ठिकठिकाणी सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रं उभारली. हवेतला ओझोन मोजणारं उपकरणही त्यांच्या देखरेखीखाली इथेच तयार झालं. विक्रम साराभाईंनी रॉकेट उडवण्यासाठी केरळातलं थुंबा हे कोळ्यांचं गाव निवडलं, तेव्हा तिथली हवामानाची वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारायला अ‍ॅनाबाईंनाच बोलावलं. १९६९ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक होऊन दिल्लीला गेल्या, १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही घरी बसल्या नाहीत. सूर्याच्या उष्णतेवरचे त्यांचे दोन मोठे ग्रंथ १९८० आणि १९८१ चे आहेत. देशात वारा कुठे किती वाहतो याची मोजणी त्यांनी हाती घेतली. बंगळूरला वारा आणि ऊन मोजायची उपकरणं बनवायचा छोटा कारखानाही काढला. आज आपण पवनचक्क्या आणि छपरावरचे सोलर बघतो, त्यामागे असं मोजमाप आहे. लग्न त्यांनी केलं नाही. पक्षी बघायचे, डोंगरात भटकायचं, पुस्तकं वाचायची, यात त्या रमायच्या. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्या गेल्या.

आता तुम्ही विचाराल, केरळात जन्मलेल्या आणि पुण्या-दिल्लीत काम केलेल्या या बाईंचा आपल्याशी काय संबंध? सांगते.

आपल्या डहाणूलाही हवामान खात्याची वेधशाळा आहे. अशा वेधशाळेत जमिनीपासून उंचावर एक पांढरी, झापांची लाकडी पेटी असते, तिच्यात तापमापक. जवळच पर्जन्यमापक, वर वाऱ्याबरोबर गरगरणाऱ्या वाट्या. सकाळी साडेआठला नोंद होते, तीच देशभर एका वेळी होते. तापमान किती, दाब किती, वारा कुठून. देशभरातले हे आकडे एकत्र येतात, जोडीला उपग्रहाचे फोटो, रडार, समुद्रातली यंत्रं. त्यातून अंदाज निघतो आणि शेवटी तो इशारा होऊन बंदरावर बावटा लागतो.

बावट्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ रॉयल चार्टर नावाचं जहाज वादळात फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा फिट्झरॉय नावाच्या दर्यावर्दी अधिकाऱ्याने तारेने वादळाची खबर बंदरांना कळवायची आणि तिथे खूण वर चढवायची, अशी पद्धत सुरू केली. कधी अंदाज चुकायचा. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली. खचलेल्या फिट्झरॉयने १८६५ मध्ये आयुष्य संपवलं. मागाहून सरकारने इशारेही बंद केले, पण दर्यावर जाणाऱ्यांनी ते परत मागितले आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. ज्यांच्या जिवाशी गाठ होती, त्यांना चुकणाऱ्या इशाऱ्याचीही किंमत कळत होती. आपल्याकडे कलकत्त्याला १८६४ मध्ये मोठं चक्रीवादळ झालं, त्यानंतर बंदराला इशारे द्यायची सोय झाली आणि १८७५ मध्ये आपलं हवामान खातं सुरू झालं. आज सातपाटीला तीन नंबरचा बावटा लागला असं आपण म्हणतो, त्याचं मूळ इतकं जुनं.

पण बावटा लागला म्हणून माणूस थांबतो का? हा खरा प्रश्न. त्यासाठी तुम्हाला माझ्या एका कोळीण मैत्रिणीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, ती रागावेल.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी हे चक्रीवादळ कन्याकुमारीजवळ उठलं. थंडीचे दिवस, मासेमारीचा भर. केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी आधीच खोल दर्यात गेलेल्या होत्या. इशारा निघाला तेव्हा तो त्यांच्यापर्यंत पोहोचायला उशीर झालेला होता. शेकडो कोळी बेपत्ता झाले, अनेकजण परत आलेच नाहीत. ज्या तिरुवनंतपुरमला अ‍ॅनाबाईंनी शेवटचा श्वास घेतला, त्याच किनाऱ्यावरच्या वस्त्यांत किती घरं उघडी पडली. मग ते वादळ अरबी समुद्रातून वर सरकत आपल्याकडे यायला लागलं. दक्षिणेकडच्या बोटी देवगडला, रत्नागिरीला आसऱ्याला आल्या. ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, पालघरच्या शाळांना सुट्टी दिली. डिसेंबरात पावसाची सुट्टी! मुलं खूश आणि आम्ही बायका गोंधळलेल्या.

माझ्या मैत्रिणीचा मुलगा तांडेल. बोटीत बर्फ भरलेला, डिझेल भरलेलं, खलाशांना उचल दिलेली. बावटा लागला. मुलगा म्हणाला, मागच्या खेपेलाही असाच लागला होता आणि काही झालं नाही. बर्फाचे पैसे काय हवामान खातं देणार? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एक फेरी चुकली की घराचं गणित कोसळतं. खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपणही करतो. पण ती हटली नाही. बर्फाचं नुकसान माझ्या भिशीतून भरते, पण तू जायचं नाही, असं तिने सांगितलं. इकडे सुनेला आणि शेजारणींना हाका मारून तिने मांडवावरचे अर्धे वाळलेले बोंबील गोळा करून घेतले. उघड्यावर राहिलेली सुकी मासळी पावसाने भिजली की ती फेकायच्याच लायकीची होते.

आपल्या किनाऱ्याला पोहोचेपर्यंत ओखी बरंच कमजोर झालं होतं. ५ तारखेच्या रात्री ते सुरत-डहाणू पट्ट्याकडे आलं. पाऊस झाला, दर्या खवळला, पण केरळासारखा आकांत झाला नाही. मुलाने आईला ऐकवलं, बघ, काही झालं? उगाच बर्फ वितळला. पुढे कितीतरी दिवस तो तिला टोमणे मारायचा. ती गप्प राहायची. मी तिला विचारलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, टोमणे मारायला तो घरात आहे, ते बरं.

मैत्रिणींनो, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. इशारा फुकट गेला म्हणजे तो खोटा होता असं नाही. आपण विम्याचा हप्ता भरतो आणि वर्षभर काही झालं नाही तर पैसे बुडाले म्हणत नाही. वादळ वळतं, कमजोर पडतं, आणि कधी २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयानसारखं कोकणावर येऊन आदळतंही. दिवाळी होऊन गेली, आता कसलं वादळ, असं म्हणणाऱ्यांना तेव्हा त्याने गाठलं होतं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार? ते फाटायच्या आधी घरी असावं, एवढंच आपल्या हातात.

त्या मोजमापाच्या साखळीतली शेवटची कडी आपण बायका आहोत, असं मला वाटायला लागलं आहे. वेधशाळेत कुणी आकडा टिपतं, कुणी नकाशा काढतं, कुणी बावटा चढवतं. पण उंबऱ्यावर उभं राहून आज नको म्हणणारी आपणच असतो. ते म्हणताना नुसतं माझं मन सांगतंय असं म्हटलं की कुणी ऐकत नाही. हातात माहिती असली की ऐकतात. म्हणून थोडी माहिती.

आधी धुक्याची. रात्री आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की जमीन पटकन थंड होते, तिच्या जवळची हवाही थंड होते आणि हवेतली वाफ बारीक थेंब होऊन तरंगते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच. सूर्या आणि वैतरणेच्या काठाला, मासवणच्या पुलाकडे, मनोर-चारोटीच्या हायवेवर, शेतांतून जाणाऱ्या रस्त्यावर धुकं जास्त साचतं ते यामुळे. ऊन वर आलं की बहुतेक वेळा आठ-नऊपर्यंत ते विरतं. म्हणजे तासभर थांबणं हाच पहिला उपाय. तो ड्रायव्हर मला तेच सांगत होता.

निघावंच लागलं तर दिव्याचा झोत खाली ठेवायला सांगा. लांबवर मारलेला झोत थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. काच थोडी उघडी ठेवा, म्हणजे आतून वाफ धरत नाही आणि बाहेरचे आवाज ऐकू येतात. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याला चिकटून जाऊ नका, तो थांबला की तुम्हाला थांबायला जागा राहत नाही. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आधाराने चला. थांबायचं तर रस्त्यावर नाही. पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठा. गाडी बंदच पडली तर चारही इंडिकेटर लावा, मागे लांबवर खूण ठेवा आणि सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून दूर उभं राहा. एमआयडीसीत पहिल्या पाळीला बाईकवर जाणाऱ्या नवऱ्याच्या, मुलाच्या हेल्मेटला आणि पाठीवरच्या बॅगेला चमकणारी पट्टी चिकटवा. मी आमच्या ह्यांच्या बॅगेला शिवूनच टाकली आहे. आधी ते लाजले, आता त्यांच्या पाळीतल्या दोघा-तिघांनी मागून नेल्या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे आणि कुठल्याही संकटात ११२.

आता दर्याची. बोट निघण्याआधी त्या दिवसाचा अंदाज बघा. हवामान खात्याच्या मौसम अ‍ॅपवर तो मिळतो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच पावलं उचला. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये अशी सूचना असली की रंगाची वाट बघायची नाही. बोटीवर जितकी माणसं तितकी लाईफ जॅकेट हवीत, आणि ती जाळ्याखाली दडपलेली नव्हे, हाताशी. वायरलेस चालू आहे ना, बॅटरी भरली आहे ना, हे किनाऱ्यावरच तपासायचं. कोण कोण गेलं, कुठल्या बाजूला, कधी येणार, हे घरातल्या बाईने वहीत लिहून ठेवायचं. शोधायची वेळ आली तर तीच वही पहिली लागते. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. हे नंबर भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी लिहून ठेवा. मोबाईलमध्ये असले तरी लिहा, कारण मोबाईल बहुधा दर्यावर गेलेल्याच्याच खिशात असतो.

यातलं काही फार अवघड नाही, पण यातलं काही करायला त्या पहाटे मला सुचलं नव्हतं.

२०१८ पासून आमच्या गटाचा एक नियम आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत दहाच्या आधी कुठलाही कार्यक्रम घ्यायचा नाही, आणि बाहेरून कुणी लवकर बोलावलं तर धुक्याचं कारण स्पष्ट सांगून उशिरा जायचं. पहिल्यांदा असं कळवलं तेव्हा पलीकडून ते नेहमीचं वाक्य ऐकावं लागलंच, बायका कधी वेळेवर येत नाहीत. मी ऐकून घेतलं. ज्या बाईच्या हाताखाली १२१ पुरुष होते, तिने याहून किती जास्त ऐकून घेतलं असेल!

हात मोडलेली माझी मैत्रीण आता पुन्हा बाजारात बसते. थंडीत तो हात अजून दुखतो, असं परवा तिनेच सांगितलं. लेकीचा तो तक्ता मी जपून ठेवला होता. आमची बैठक भरते त्या खोलीच्या भिंतीवर तो आता लावला आहे. खादीची साडी नेसलेल्या अ‍ॅनाबाई, शेजारी लेकीने रंगवलेली ती पांढरी झापांची पेटी. त्याखाली आम्ही रोजचा अंदाज खडूने लिहितो. बैठक सुटली की भाजीवाली तो मोठ्याने वाचून दाखवते आणि मगच आम्ही चपला घालतो.